रोज सकाळी एक फासा, एक बाटली: डी अँड डी मधला अल्केमिस्ट दीड वर्ष खेळून

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा फँटसी गेम. त्यात आर्टिफिसर, म्हणजे जादूच्या वस्तू बनवणारा, हा कॅरेक्टरचा एक क्लास म्हणजे पेशा, आणि अल्केमिस्ट म्हणजे किमयागार हा त्याचा एक सबक्लास. अल्केमिस्ट घेऊ नको, आर्टिफिसरमधला सगळ्यात कमजोर सबक्लास आहे, असं मला सुरुवातीला इतक्या जणांनी सांगितलं होतं की मी विचार बदलणारच होते. नाही बदलला ते फार बरं झालं. दीड वर्ष, लेव्हल ३ ते लेव्हल १०, एकच कॅरेक्टर, एकच टेबल म्हणजे खेळणारा एकच गट, आणि आता मोहीम संपल्यावर माझी वही समोर ठेवून हे लिहितेय. ज्यांना फँटसी गेममध्ये पोशन, म्हणजे जादूचं औषध, नुसतं विकत घेऊन प्यायचं नाहीये, स्वतः बनवायचंय, बाटली हातात धरून आत काय हलतंय ते बघायचंय, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे.

आधी कुठल्या नियमांबद्दल बोलतेय ते सांगते. पाचवी आवृत्ती, २०१४ ची. अल्केमिस्ट २०१९ मध्ये एबेरॉनच्या पुस्तकात आला आणि २०२० मध्ये टाशाच्या पुस्तकात परत छापला गेला, आम्ही टाशावाला वापरला. पोशन बनवायचे म्हणजे क्राफ्टिंगचे नियम २०१७ च्या झनाथरच्या पुस्तकातून घेतले. म्हणजे खेळाडूंचं हँडबुक, डीएमचं म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचं गाईड, झनाथर आणि टाशा अशी चार पुस्तकं टेबलावर उघडी, आणि एक साधी बाटली भरायची तरी या चारातली दोन-तीन चाळायला लागतात. पहिले दोन महिने माझा अर्धा वेळ पानं शोधण्यात गेला, शेवटी सगळं एका वहीत उतरवून काढलं तेव्हा गाडी रुळावर आली. तुम्ही घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

आता मुख्य गोष्ट. लेव्हल ३ ला अल्केमिस्टला एक्सपेरिमेंटल इलिक्सर मिळतं. लॉन्ग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, संपली की तुम्ही एका रिकाम्या बाटलीला हात लावता आणि त्यात एक इलिक्सर तयार होतं, कुठलं ते सहा बाजूंचा फासा ठरवतो. हीलिंग, स्विफ्टनेस, रेझिलियन्स, बोल्डनेस, फ्लाइट, ट्रान्सफॉर्मेशन. लेव्हल ६ ला अशा दोन बाटल्या रोज, लेव्हल १५ ला तीन. मनासारखं पाहिजे असेल तर एक स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची एक संधी, खर्च करायचा, मग निवड तुमची. पण लेव्हल ३ ला स्लॉट असतात तीन, त्यामुळे हात आखडता घ्यावाच लागतो. आणि पुढच्या लॉन्ग रेस्टपर्यंत प्यायलं नाही तर बाटलीतलं सगळं वाया.

लोकांची तक्रार या फाशावरच असते, की काय येईल याचा भरवसा नाही मग प्लॅन काय करणार. मला नेमकी तीच गोष्ट आवडली. आमच्याकडे प्रत्येक सेशनची सुरुवात माझ्या फाशाने व्हायची, डीएम म्हणायचा सकाळ झाली, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. पाच आला, म्हणजे आज एकाला उडता येणार. कोणाला? कधी? मग दिवसभर ती एक बाटली सगळ्यांच्या डोक्यात राहायची, कुठलीही अडचण आली की पहिला प्रश्न हाच, आता काढायची का. विझर्ड सकाळी स्पेल निवडतो तेव्हा बाकीचे आपापल्या शीटमध्ये डोकं घालून बसलेले असतात, इथे पूर्ण टेबल त्यात असतं.

एक प्रसंग सांगते, अजून डोळ्यासमोर आहे. दरी, ६० फूट रुंद, पूल तुटलेला, मागून नोल्सची, म्हणजे तरसासारख्या राक्षसांची, टोळी येतेय. माझ्याकडे त्या दिवशीची फ्लाइटची बाटली. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या इलिक्सरने उडायचा वेग मिळतो फक्त १० फूट, दहा मिनिटांसाठी. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं फायटरला पाजू, तो पलीकडे गेला तर तिकडे काही असलं तरी लढेल. मग आम्ही हिशोब केला. पहिल्या टर्नला प्यायलाच ॲक्शन जाते, म्हणजे तो १० फूट जाणार, पुढे प्रत्येक टर्नला डॅश करून, म्हणजे ॲक्शन धावण्यात घालवून, २०, म्हणजे चौथ्या टर्नला पलीकडे. आमची चोर, म्हणजे रोग क्लासवाली, तिला बोनस ॲक्शनने, म्हणजे नेहमीच्या ॲक्शनवरच्या जादा चालीने, डॅश करता येतो. तिचे पहिल्या टर्नला २०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्या टर्नला उरलेले १०. एक टर्न वाचला. दोन दोर एकमेकांना बांधून तिच्या कमरेला लावले, कारण एक दोर ५० फुटांचाच असतो, आणि ती निघाली. दुसऱ्या टर्नला ती ५० फुटांवर हवेत आणि तिच्याकडे बाण सुटायला लागले तेव्हा टेबलावर कोणी बोलत नव्हतं. पोचली. दोर बांधला. त्या एका दहा फुटांच्या आकड्याने एवढा ताण तयार केला, वेग ६० फूट असता तर एका वाक्यात प्रसंग संपला असता. इलिक्सर कमजोर आहेत हे खरंच आहे, पण ती अशी तोकडी असल्यामुळेच आम्हाला डोकं चालवावं लागलं.

आता जे आवडलं नाही ते. इलिक्सरचे आकडे वाढतच नाहीत. लेव्हल ३ ला रेझिलियन्सने आर्मर क्लासला, म्हणजे बचावाच्या आकड्याला, +१, लेव्हल १० लाही +१. स्विफ्टनेसचे १० फूट तेवढेच. हीलिंग २डी४ (चार बाजूंचे दोन फासे) अधिक इंटेलिजन्स मॉडिफायर (बुद्धीच्या गुणाचा बोनस), हे तिसऱ्या लेव्हलला छान वाटतं आणि आठव्याला एखाद्या जायंटच्या एका फटक्यात दुप्पट जातं. लेव्हल ९ ला रिस्टोरेटिव्ह रीएजंट्स येतं, इलिक्सर पिणाऱ्याला २डी६ अधिक इंटेलिजन्स एवढे टेंपररी हिट पॉइंट, म्हणजे तात्पुरती जीवशक्ती, तेव्हा कुठे बाटलीत परत जीव आला. म्हणजे मधल्या लेव्हल्समध्ये, साधारण ६ ते ८, थोडं सोसावं लागतं. लेव्हल ५ चं अल्केमिकल सॅव्हंट मात्र झकास, अल्केमिस्ट्स सप्लाइज, म्हणजे किमयागाराची भांडी, हातात धरून स्पेल टाकला की हीलिंगच्या किंवा आग, ॲसिड, नेक्रॉटिक, पॉयझनच्या एका रोलमध्ये इंटेलिजन्स मॉडिफायर मिळवायचा. हीलिंग वर्ड हा स्पेल यादीत असतोच, त्यामुळे बेशुद्ध पडलेल्यांना उभं करायचं काम माझ्याकडेच आलं आणि ते मी शेवटपर्यंत आनंदाने केलं.

दुसरी गोष्ट मला खरंच टोचली, ती हर्बलिझम किटची, म्हणजे जडीबुटीच्या पेटीची. हीलिंग पोशन बनवायला हँडबुकप्रमाणे हर्बलिझम किटची प्रोफिशियन्सी, म्हणजे ते वापरायचं कौशल्य, लागते. अल्केमिस्टला मिळते अल्केमिस्ट्स सप्लाइजची! ज्याचं नावच किमयागार, ज्याच्या पाठीवर ५० गोल्डची आठ पाउंड वजनाची काचेची भांडी, त्याला गेममधलं सगळ्यात प्रसिद्ध पोशन बनवता येत नाही, आणि पाच गोल्डचं किट घेऊन फिरणारा संन्यासी ते बनवतो. मी म्हणूनच हर्मिट, म्हणजे संन्याशाचं, बॅकग्राउंड घेतलं, त्यात हर्बलिझम किट येतं. नवीन खेळाडूला हे कोण सांगणार? लेव्हल ३ ला येऊन कळलं तर किती वाईट वाटेल.

बरं, ती प्रोफिशियन्सी असली तरी बनवायचं कसं, तर झनाथर सांगतं, साधं हीलिंग पोशन एक दिवस आणि २५ गोल्ड, ग्रेटर एक आठवडा आणि १०० गोल्ड, सुपीरियर तीन आठवडे आणि १०००, सुप्रीम चार आठवडे आणि १०,०००. संपलं. रोल नाही, चूक नाही, शोध नाही, काय घातलं ते नाही. पैसे द्या, दिवस मोजा, बाटली घ्या. बाजारात साधं पोशन ५० ला मिळतं, इथे २५ ला पडतं, म्हणजे ही निम्म्या दरातली खरेदी झाली, किमया कुठे झाली यात?

अल्केमिस्ट्स सप्लाइजचा भाग त्या मानाने बरा जमलाय. लॉन्ग रेस्टमध्ये ॲसिड, अल्केमिस्ट्स फायर, अँटिटॉक्सिन, तेल, अत्तर किंवा साबण यातलं काहीतरी एक बनवता येतं, निम्म्या किमतीचा कच्चा माल वापरून, आणि ५० गोल्डच्या मालाचं वजन एक पाउंड धरायचं. हे मी मनापासून वापरलं. रोज रात्री मुक्कामाला सगळे पहाऱ्याच्या पाळ्या ठरवत असायचे तेव्हा मी २५ गोल्डचा माल वजा करून अल्केमिस्ट्स फायरची एक बाटली वहीत लिहायचे. आठ दिवसांच्या प्रवासात आठ बाटल्या. मग दलदलीत ट्रोल आला. ट्रोल दर टर्नला १० हिट पॉइंट भरून काढतो, पण आगीचं किंवा ॲसिडचं डॅमेज बसलं की पुढच्या टर्नला ते भरणं बंद. अल्केमिस्ट्स फायर लागलं की त्याला प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला १डी४ भाजणार, आणि विझवायचं तर पूर्ण ॲक्शन घालवून डीसी १० चा डेक्स्टेरिटी चेक, म्हणजे चपळाईच्या फाशावर किमान १०. १डी४ म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण तो ट्रोल पहिल्या दोन टर्नमध्ये स्वतःला विझवण्यातच गुंतला, तेवढ्यात फायटरने काम केलं. आठ रात्रींची मेहनत एका लढाईत फळाला आली, आणि ती मेहनत माझ्या वहीत तारखेनिशी होती, यासारखं समाधान नाही.

आणि आता मला खरं जे सांगायचंय ते. पोशनची पाककृती पुस्तकात आहे, फक्त ती क्राफ्टिंगच्या पानावर नाहीये. डीएमच्या गाईडमध्ये पोशन दिसतं कसं ते दिलंय, ती वर्णनं बहुतेक लोक वाचतच नाहीत. वाचा एकदा. वॉटर ब्रीदिंगचं पोशन गढूळ हिरवं असतं, समुद्राचा वास येतो आणि आत जेलीफिशसारखा एक बुडबुडा तरंगत असतो. क्लाइंबिंगच्या बाटलीत तपकिरी, चंदेरी आणि राखाडी असे थर असतात, दगडाच्या थरांसारखे, आणि कितीही हलवलं तरी ते मिसळत नाहीत. इन्व्हिजिबिलिटीची बाटली रिकामी दिसते पण हातात धरली की आत काहीतरी आहे हे जाणवतं. फ्लाइंगचं पोशन बाटलीत वरच्या बाजूला तरंगतं. आणि जायंट स्ट्रेंग्थच्या पारदर्शक पोशनमध्ये त्या त्या जातीच्या जायंटच्या नखाचा तुकडा तरंगत असतो.

नखाचा तुकडा! आम्ही हिल जायंट मारला त्या दिवशी डीएमने सहज विचारलं, कोणाला प्रेतापाशी काही शोधायचंय का, सगळ्यांनी पोत्यातलं सोनं मोजायला घेतलं आणि मी म्हटलं, मला त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख पाहिजे. तो एक मिनिट गप्प बसला, मग गाईड उघडून ते वर्णन मोठ्याने वाचलं, आणि त्या दिवसापासून आमचा खेळच बदलला. आम्ही ठरवलं की पोशन जसं दिसतं त्यातून त्याचा मुख्य घटक ओळखायचा, तो स्वतः जाऊन मिळवायचा, आणि मग झनाथरचा वेळ आणि खर्च लावायचा. मूळ नियमातही याला जागा आहे बरं का, झनाथर म्हणतं मॅजिक आयटम बनवायला फॉर्म्युला लागतो आणि एखाद्या प्राण्याशी झुंजून मिळवलेला खास घटक लागतो, अनकॉमन आयटमसाठी चॅलेंज रेटिंग (प्राणी किती अवघड त्याचा आकडा) ४ ते ८ चा प्राणी. हिल जायंट ५ चा. बरोब्बर बसतो. एका पुस्तकात बाटलीत नख तरंगताना दाखवलंय आणि दुसऱ्यात प्राणी मारून घटक आणा म्हटलंय, दोन्ही टोकं आहेत, गाठ मात्र तुम्हालाच मारावी लागते. पुस्तकाने स्वतः ती मारली असती तर या रिव्ह्यूत मी एकही तक्रार लिहिली नसती.

त्यानंतर माझी वही भरायला लागली. क्लाइंबिंगसाठी तीन वेगळ्या थरांची तीन खनिजं, ती एकाच गुहेतली हवीत की नाही यावर पाऊण तास वाद. वॉटर ब्रीदिंगसाठी किनाऱ्यावर जायचं म्हणून पूर्ण पार्टीने रस्ता बदलला. डीएमच्या तयार केलेल्या कथेत हे कुठेच नव्हतं, पण त्याने अडवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मोहिमेतले सगळ्यात चांगले दोन सेशन त्या किनाऱ्यावरच झाले.

चव घेऊन ओळखायचा नियमही असाच दुर्लक्षित आहे. इतर जादूच्या वस्तूंना आयडेंटिफाय स्पेल किंवा शॉर्ट रेस्ट लागते, पोशनचा एक थेंब जिभेवर ठेवला तरी ते काय करतं ते कळतं. अपवाद पोशन ऑफ पॉयझनचा, ते दिसायला, वासाला, चवीला हीलिंगसारखंच असतं, भ्रमाच्या जादूने झाकलेलं, आणि ते फक्त आयडेंटिफायने उघडं पडतं. आम्हाला एका थडग्यात तीन लाल बाटल्या मिळाल्या होत्या. मी तिन्ही चाखल्या, तिन्ही हीलिंग वाटल्या. आठवडाभर त्या आमच्या फायटरच्या पट्ट्याला होत्या. एक दिवस त्यातली एक त्याने ऐन लढाईत प्यायली, ३डी६ पॉयझन डॅमेज, वर सेव्ह, म्हणजे विषाचा पुढचा परिणाम टाळायचा फासा, फेल. तेव्हापासून सापडलेली लाल बाटली आयडेंटिफाय केल्याशिवाय कोणाच्या पट्ट्याला लागली नाही, स्लॉट गेला तरी चालेल.

दोन पोशन एकत्र झाली तर काय, त्याचा शंभर आकड्यांचा तक्ता गाईडमध्ये पर्यायी नियम म्हणून आहे, आणि अशा तक्त्याची परंपरा १९७९ च्या डीएम गाईडपासूनची आहे. एकाचा अंमल असताना दुसरं प्यायलं की रोल. ०१ आला तर पोटात स्फोट, पिणाऱ्याला ६डी१० फोर्स डॅमेज आणि पाच फुटांतल्या सगळ्यांना १डी१०. ०० म्हणजे शंभर आला तर एकच पोशन लागू होतं पण कायमचं. ३६ ते ९० म्हणजे दोन्ही नीट चालतात, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा काही होत नाही, तरीही तो फासा फिरत असताना जीव टांगणीला लागतो. आम्ही क्लाइंबिंगच्या अंमलात वॉटर ब्रीदिंग प्यायलं तेव्हा ९४ आला, एकाचा वेळ दुप्पट, तासाचे दोन तास. बुडालेल्या बुरुजाच्या भिंती आतून चढत आम्ही ते दोन तास पूर्ण वापरले. हा तक्ता चालू ठेवा असं मी कोणत्याही डीएमला सांगेन.

पाथफाइंडर या दुसऱ्या फँटसी गेमशी तुलना केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण तिथे अल्केमिस्ट हा पूर्ण क्लास आहे. पहिल्या आवृत्तीत २०१० मध्ये आला, बॉम्ब, एक्स्ट्रॅक्ट आणि म्युटाजेन घेऊन, आणि दुसऱ्या आवृत्तीत २०१९ च्या मूळ पुस्तकातच आहे. मी तो सात-आठ सेशन खेळले. २०१९ च्या त्या नियमांत लेव्हल १ ला इंटेलिजन्स +४ असेल तर पाच बॅच मिळायच्या, आणि सकाळच्या तयारीत एका बॅचच्या दोन वस्तू, म्हणजे दहा बाटल्या! शिवाय क्विक अल्केमी, ऐन लढाईत एका ॲक्शनमध्ये पाहिजे ती वस्तू, पण लगेच वापरायची. म्युटाजेन, म्हणजे शरीर बदलणारी रसायनं, तर मला फारच आवडले, प्रत्येकाला फायदा आणि त्याच्या जोडीला तोटा, बेस्टियल म्हणजे पशूचं घेतलं तर नखं-दात येतात पण बचाव कमी होतो. आणि ही रसायनं जादू नाहीतच, जादू बंद असलेल्या जागीही चालतात, हा विचार मला पटतो. २०२४ च्या नव्या पुस्तकात व्हर्सटाइल व्हायल्स, म्हणजे पाहिजे तशा वापरता येणाऱ्या कुप्या, आल्या, फिरता फिरता दर दहा मिनिटांनी दोन परत भरतात, त्यामुळे दुपारनंतर झोळी रिकामी हा जुना प्रॉब्लेम गेला.

मग तोच चांगला म्हणायचा का? बनवणं म्हणून बघितलं तर हो, निर्विवाद. पण त्यात यादी फार मोठी आहे, सकाळी दहा बाटल्या निवडायला मला खरोखर पंधरा मिनिटं लागायची आणि तोपर्यंत बाकीचे ताटकळत. आणि दहा बाटल्या असल्या की एकीचं अप्रूप राहत नाही. ज्याला हिशोब आवडतो त्याने पाथफाइंडर घ्यावा, ज्याला एका बाटलीभोवती गोष्ट पाहिजे त्याने टाशाचा अल्केमिस्ट घ्यावा, मात्र डीएमशी आधी बोलून. हर्बलिझम किटची प्रोफिशियन्सी सोबत द्याल का, घटक गोळा करू द्याल का, आणि मोहिमेत मधे मोकळे दिवस असतील का, हे तीन प्रश्न. शेवटच्याचं उत्तर नाही असेल तर क्राफ्टिंगचा विचार सोडा, इलिक्सरवर समाधान माना. माझ्याकडून पाचपैकी चार, आणि तो एक मी क्राफ्टिंगच्या पानासाठी कापलाय, क्लाससाठी नाही.

त्या नखाचं राहिलंच. हिल जायंट स्ट्रेंग्थचं पोशन अनकॉमन, वापरून संपणारी वस्तू म्हणून वेळ आणि खर्च निम्मा, म्हणजे एक आठवडा आणि १०० गोल्ड. आमच्याकडे आठवडा कधीच सलग मिळाला नाही, नख पाच महिने झोळीत पडून होतं. लेव्हल १० ला आर्टिफिसरला मॅजिक आयटम ॲडेप्ट येतं, कॉमन आणि अनकॉमन वस्तू पाव वेळात आणि निम्म्या पैशात. कामाचा आठवडा पाच दिवसांचा, म्हणजे सव्वा दिवस आणि ५० गोल्ड. शेवटच्या किल्ल्याबाहेर आम्हाला नेमके दोन दिवस मिळाले. पोशन विझर्डला दिलं, स्ट्रेंग्थ ८ असलेला विझर्ड, तासभरासाठी २१. फायटर बेशुद्ध होता, लोखंडी जाळीचं दार खाली येत होतं, आणि विझर्डच्या खेळाडूने दीड वर्षात पहिल्यांदा ॲथलेटिक्सचा फासा टाकला. १७ आला. दार वर गेलं, आम्ही फायटरला ओढत बाहेर काढलं, आणि डीएमने मला विचारलं की बाटलीत तळाला काय उरलंय. मी म्हटलं, नख.